डिकीतलं गुऱ्हाळ

डिसेंबरातला तिसरा रविवार, पहाट. टिळकवाडीतून निपाणीला निघालेली माणसं अशी: मी, गाडी चालवायला. आक्का, माझी थोरली बहीण, बेळगुंदीची. दाजी, तिचे यजमान. गैरहजर: माझा नवरा, कारण तो कामासाठी हुबळीला गेला होता, आणि आक्काचा मुलगा, कारण त्याला यायचंच नव्हतं.

कुठलंही काम निघालं की कोण कोण आहे हे मी आधी टिपून ठेवते. कॉलेजच्या ऑफिसात परीक्षेचं काम बघणाऱ्या माणसाला ही सवय लागतेच. त्या दिवशी माणसांखाली मी सामान लिहिलं होतं आणि सामानाखाली एक ओळ वेगळी, ठळक: डिकीला धक्का मारायचा नाही.

ही ओळ कळायची तर आमची डिकी कळायला हवी.

गाडी छोटी आहे आणि जुनी आहे. आम्ही घेतली तेव्हाच ती एका हातातून आलेली होती. इंजिन अजून तक्रार करत नाही. मागचं वर उघडणारं दार मात्र आपल्या मर्जीचं. चालकाच्या सीटशेजारी, खाली, एक खटका आहे. तो ओढला की केबल ताणली जाते आणि मागचं कुलूप सुटतं, असं गाडीबरोबरच्या पुस्तकात लिहिलं आहे. आमच्याकडे खटका ओढला की काहीच होत नाही. दुसऱ्या माणसानं त्याच वेळी मागून डिकीला कमरेनं धक्का द्यावा लागतो. मग आत ‘टक्’ असा आवाज येतो आणि दार उघडतं. किल्लीचं भोक मागे आहे, पण आधीच्या मालकाच्या किल्लीचं टोक त्यात मोडून बसलं आहे. म्हणजे एकट्या माणसाला आमची डिकी उघडत नाही. एकदा तर ती खानापूरच्या रस्त्याला आपोआपच उघडली आणि रताळ्यांचं पोतं अर्धं रस्त्यावर रिकामं झालं. माझा नवरा म्हणतो गाडी काढून टाकू. मी म्हणते एका खटक्यासाठी कोणी गाडी काढत नाही. हा वाद चालू असला तरी घरातल्या सगळ्यांना धक्का मारायचं तंत्र येतं, आणि त्यात दाजींचा हात, म्हणजे कंबर, कोणी धरू शकत नाही.

पण त्या दिवशी डिकीत रुखवत होतं.

आक्का गावातल्या लग्नांची रुखवतं करते. चुलतघरी, मावसघरी, शेजारी, कोणाचं लग्न ठरलं की बायका आधी आक्काकडे जातात. ती साखरेचे दागिने करते, शेवयांची वेणी करते, डाळींची रांगोळी भरलेला नारळ करते. पण हे सगळं बेळगुंदी आणि आसपास. टिळकवाडीतल्या माझ्या शेजारीणबाईंच्या भाचीचं लग्न निपाणीत ठरलं, आणि त्यांनी आक्काचं काम माझ्या घरी बघितलेलं होतं म्हणून तिला सांगितलं. मुलाकडच्यांचं पूर्वी गुऱ्हाळ होतं. तेव्हा आक्कानं ठरवलं, मधोमध गुऱ्हाळच मांडायचं. लाकडी पाटावर तिनं महिनाभर ते उभं केलं. चरक बेसनाच्या लाडवाच्या सारणाचा, चुलवाण आणि त्याचं धुराडं राजगिऱ्याचं, काहील गुळाची आणि तिच्यात पिवळ्या साखरेच्या पाकाची उकळी. चिपाडाची गंजी शेवयांची. काहिलीशी हातात लांब डाव धरलेला वीतभरही नसलेला गुळव्या, त्याला उडदाच्या दाण्यांचे डोळे.

आक्काचा मुलगा उद्यमबागेतल्या कारखान्यात नोकरीला आहे. त्याला आईचा हा उद्योग आवडत नाही. डोळे जातील, कंबर जाईल, आता सगळं तयार मिळतंय, असं त्याचं म्हणणं. त्यात काळजी आहे हे मला कळतं, पण तो बोलतो मात्र हुकूम दिल्यासारखा. निघायच्या आदल्या आठवड्यात दोघांत चांगलंच वाजलं होतं. आक्कानं मला सांगितलं ते असं: "मी म्हटलं त्येला, गावाभायरचं हे पयलंच. हे नीट पार पडलं तर माझं मी बघणार, तू मधी पडायचं न्हाय. आणि न्हाय पडलं तर साचं बांधून माळ्यावर टाकते. मग गप बसते."

ती गंमत करत नव्हती. बोललेलं ती पाळते, हे मुलालाही माहीत आहे.

शनिवारी संध्याकाळी दोघं माझ्याकडे मुक्कामाला आली. आम्ही गाडी फाटकाच्या आत घेतली, डिकी उघडली आणि पाट मागून सरळ आत सरकवला. तो जेमतेम बसला. भोवती जुन्या साड्यांच्या घड्या ठेवल्या, कडेला डबे. डिकी लोटताना आक्का म्हणाली, "हळू गं, हळू." मी दोन्ही तळहातांनी दाबून ती बंद केली. निपाणीत पाटाशेजारचं सामान आधी मागच्या सीटकडून काढायचं, मग डिकी धक्का न देता, हळूहळू दाबत उघडायची, असं मी ठरवलं होतं. कधी कधी तशीही उघडते.

पहाटे निघालो तेव्हा काचांवर दव होतं आणि दाजींनी कानाला मफलर गुंडाळला होता. हायवेला मी गाडी एकाच चालीनं ठेवली. खड्डा दिसला की आक्का मागच्या सीटवरून पाटाच्या दिशेनं हात करायची, जणू तिच्या हातानं तो धरला जाणार होता. दाजी पुढे बसून टोमणे मारत होते.

"एवढं सांबाळून मला कवा आणलं न्हाईस."

"तुमी साखरंचं न्हाय," आक्का म्हणाली.

निपाणीच्या कार्यालयात पोचलो तेव्हा मंडपवाले कनाती बांधत होते. नवरीची मावशी, म्हणजे माझ्या शेजारीणबाई, शाल घेऊन दारातच उभ्या. त्या आदल्या दिवशीच आल्या होत्या. "टेबल मांडून ठेवलंय. मुलाकडच्या बायका नाष्ट्याला येतील तेवढ्यात रुखवत लागलेलं पाहिजे," त्यांनी सांगितलं. "एकदा त्या आत आल्या की मोकळं टेबल बघतील आणि आयुष्यभर बोलतील."

घाईत मी आधी खटकाच ओढला. दाजींनी डिकीवर दोन्ही हात ठेवून हळू दाबलं. काही नाही. पुन्हा ओढला. आत कुठे काही हललंसुद्धा नाही. नेहमी निदान खरखर ऐकू येते, तीही नाही.

दाजींनी मफलर काढून बॉनेटवर ठेवला. याचा अर्थ मला माहीत होता.

"कंबर लावायची न्हाय," आक्का म्हणाली.

"एकच. अलगद."

"तुमची अलगद मला म्हाईत हाय. गुळव्याची मान मोडंल."

मग आम्ही ठरल्याप्रमाणे मागची सीट पुढे पाडली. डबे, नारळ, साखरेच्या दागिन्यांचं ताट, सगळं बाजूच्या दारातून निघालं आणि शेजारीणबाई एकेक आत घेऊन गेल्या. पाट राहिला. तो दारापेक्षा रुंद होता, आणि तिरका केला असता तर काहिलीतली उकळी आणि चिपाडाची गंजी एकमेकांवर आली असती. आक्कानं एकदाच वाकून बघितलं. "तिरका न्हाय व्हत," म्हणाली, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली.

अशा वेळी माणसं जमतात. मुलाकडचे एक गृहस्थ हातात चहाचा कप घेऊन आले आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"किती सालची?"

मी सांगितलं.

"भंगारात घाला की."

"घालू," मी म्हटलं, "पण आतलं काढून."

दुसऱ्या एकानं पाना मारून बघा म्हटलं. हॉलचा राखणदार कन्नडमधून म्हणाला की गाडी दारातून काढा, वाजंत्री यायचीय. मी त्याला कन्नडमधूनच सांगितलं की काढते, आधी हे दार उघडू दे. तो बराच वेळ तिथेच उभा राहिला. बहुतेक त्यालाही आता दार उघडतंय का हे बघायचं होतं.

दाजी गप्प बसणारे नाहीत. मी पाटाशी वाकले असताना ते पुढे गेले आणि त्यांनी खटका जोर लावून ओढला. मला तारेचा आवाज आला. मग दाजी खटका हातात घेऊन आले, मागे केबलची शेपटी लोंबत होती.

"लई नाजूक हाय गं हे," ते म्हणाले.

मी खटका त्यांच्या हातातून घेतला. बोलून केबल जोडली गेली नसती. आता खटका नाही, किल्ली नाही, धक्का नाही. उरलं एकच: आतून जायचं आणि कुलुपालाच हात घालायचा. गाडीच्या पान्यांबरोबर मी एक स्क्रूड्रायव्हर ठेवते. पदर कमरेला खोचला, चपला काढल्या आणि पाडलेल्या सीटवर गुडघे टेकून पाटाच्या वरून पुढे वाकले. खाली गुऱ्हाळ, वर काच. आक्का बाजूच्या दारातून मोबाईलचा उजेड धरून, मला एकेक शब्दानं हाकत होती.

"कोपर वर. चरकाला लागंल. आणि वर. आता बघ."

डिकीच्या आतल्या बाजूला प्लास्टिकची पट्टी असते. ती मी उचकटून काढली. कुलूप दिसलं आणि मला क्षणभर कळेना की हे काय आहे. त्याच्या सगळ्या फटींत पांढरं, मेणासारखं काहीतरी घट्ट भरलं होतं. मी नखानं थोडं खरवडून नाकाशी नेलं. खोबरेल तेल.

मी मागे वळून आक्काकडे बघितलं.

"व्हय," आक्का म्हणाली. "मीच घातलंय. काल डिकी उघडी हुती आणि तू सैपाकघरात गेल्तीस तवा. धक्का लागू नये म्हणून." थोडं थांबून म्हणाली, "कपाटाला न्हवं का आपण तेच घालतो."

खरं होतं. आमच्या आईच्या घरात कपाट, कडी, शिलाई मशीन, पंखा, सगळ्याला खोबरेल तेल घालायची पद्धत. घरात चुलीची ऊब असते म्हणून ते तिथे चालत असणार. आणि आमच्या गाडीनं डिसेंबरची एक सबंध रात्र फाटकाशी उघड्यावर काढली होती. तेल बाटलीत गोठतं, तसं कुलुपात गोठलं.

आक्काच्या हातातला मोबाईल खाली गेला. उजेड पाटावर पडला. ती हळूच म्हणाली, "पोरगा बोललाच हुता. म्हातारपणी नको त्यात हात घालत्येस."

"उजेड वर धर," मी म्हटलं. "काय झालंय ते कळलं म्हणजे अर्धं काम झालं. गोठलंय तर वितळवायचं."

गरम पाणी चाललं नसतं. एक थेंब खाली गुळाच्या काहिलीत पडला की संपलं. गाडी उन्हात लावली असती तरी ऊन अजून कार्यालयाच्या भिंतीपलीकडे होतं. कोरडी उष्णता हवी होती, आणि ती नेमकी कुलुपापुरती. मी दाजींना आचाऱ्याकडे पाठवलं: दोन जाड डाव शेगडीवर तापवून आणा, फडक्यात धरून, आणि कोरडे करून.

दाजी धावत गेले. इतकं धावताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. आचारीही त्यांच्या मागोमाग आला, कारण आपले डाव बाहेर कुठे चाललेत हे त्याला बघायचं होतं. त्याला गाडीत गुडघ्यांवर बसलेली मी दिसले.

"शिरा ढवळायचा डाव हाय त्यो," तो म्हणाला.

"देते परत," मी म्हटलं. "घासून देते."

"घासून न्हाय, मीच घासतो. त्येल लावू नका म्हंजे झालं."

मी तापलेल्या डावाची पाठ कुलुपावर टेकवली. खाली दुसऱ्या हातानं फडकं धरलं, तेल टिपायला. थोड्या वेळानं तो निवला की मागे द्यायचा, दुसरा घ्यायचा. दाजी शेगडीपासून गाडीपर्यंत, गाडीपासून शेगडीपर्यंत. आक्का मधे, दारात, डाव घ्यायची आणि तळव्याजवळ धरून आधी स्वतः उष्णता बघायची.

"हे लई तापलंय. जरा थांब. गुळाला झळ लागंल."

तिला तेवढ्यातही गुळव्याची काळजी. आणि तेच बरोबर होतं. कुलूप उघडून काहील पातळ झाली असती तर उघडण्यात अर्थ नव्हता. मी पाटावर एक ताट आडवं धरायला लावलं. माझे गुडघे बधिर झाले होते, पाठीला कळ होती, आणि कार्यालयात आतून शेजारीणबाईंचा आवाज येत होता, "आल्या गं, गाड्या आल्या त्यांच्या."

पांढरं तेल आधी कडेनं पारदर्शक झालं. मग फडक्यावर डाग उमटला. मी स्क्रूड्रायव्हरचं टोक कुलुपाच्या जिभेत घातलं आणि बाजूला दाबलं. ती जराशी हलली आणि परत आली. पुन्हा डाव. पुन्हा दाबलं. तिसऱ्यांदा की चौथ्यांदा, मला आठवत नाही, ‘टक्’ झालं.

"वर घ्या," मी दाजींना ओरडले. "हळू घ्या."

दार उघडलं आणि बाहेरचा गार वारा माझ्या तोंडावर आला. पाटाच्या पलीकडे राखणदार, चहाचा कप घेतलेले गृहस्थ आणि आचारी ओळीनं उभे होते. कपवाल्यांनी कप राखणदाराकडे दिला आणि पाटाची एक बाजू धरली. भंगाराचं त्यांनी पुन्हा काही काढलं नाही.

धुराडं मोडलं होतं. वाटेत की माझ्या कोपरानं, कोणास ठाऊक. आक्कानं तुकडा उचलला, काहिलीमागचा गुळाचा एक कण चिमटीत काढला, अजून ऊन असलेल्या डावावर तो टेकवून मऊ केला आणि धुराडं जागच्या जागी चिकटवलं. आचाऱ्यानं डावाकडे बघितलं आणि मान हलवली, पण डाव मागितला नाही.

पाट टेबलावर टेकला आणि मुलाकडच्या बायका आत आल्या. अगदी त्याच क्रमानं. आक्का भिंतीशी जाऊन उभी राहिली. करणारीनं पुढे राहू नये अशी पद्धत आहे, पण तिची नजर बायकांच्या तोंडांवर होती. बायका आधी साखरेच्या दागिन्यांशी रेंगाळल्या, मग गुऱ्हाळाशी येऊन थांबल्या. त्यांतल्या एकीनं बाहेर जाऊन नवऱ्याच्या आजोबांना हाताला धरून आणलं. ते वाकून, चष्मा पुढे-मागे करत, बराच वेळ बघत राहिले.

"गुळव्या डाव्या हातानं ढवळतोय," ते शेवटी म्हणाले.

आक्कानं पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं.

"आमचा गुळव्या डावराच हुता," आजोबा म्हणाले. "तुमाला कुणी सांगितलं?"

आक्काला कोणीच सांगितलं नव्हतं. उजवा हात साच्यातून निघताना मोडला होता म्हणून तिनं डाव डाव्या हातात दिला होता. हे मला ठाऊक होतं. ती भिंतीशीच उभी राहून म्हणाली, "आसंच केलं," आणि एवढंच.

जेवणं झाल्यावर नवऱ्याची एक आत्या आक्काला शोधत आली. तिच्या मुलीचं लग्न उन्हाळ्यात, निपाणीच्या पलीकडे. आक्का "सांगते" म्हणाली आणि तिनं माझ्याकडे बघितलं. खरं तर ती माझ्याकडे नव्हती बघत, माझ्यामागे उभ्या गाडीकडे बघत होती. परतीच्या वाटेला डिकी आम्ही मंडपवाल्याच्या सुंभानं बांधली. दाजी पूर्ण रस्ता केबलवर एक शब्द बोलले नाहीत, त्यावरून त्यांना किती लागलं होतं ते कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मी हे काम हातात घेतलं. कुलूप खोलून रॉकेलनं धुतलं आणि त्यात मशीनचं तेल घातलं. पिरनवाडीच्या मेस्त्रीनं आधी सांगितलं की या गाडीची केबल आता मिळत नाही. मी दर शनिवारी त्याच्याकडे जाऊन उभी राहिले. मग ती मिळाली, कोल्हापूरच्या कुठल्याशा जुन्या गाडीतून. ती बसवली. मोडक्या किल्लीचं टोकही काढून घेतलं आणि नवीन किल्ली करून घेतली. आता खटका ओढला की एकट्या माणसाला डिकी उघडते. माझा नवरा रोज एकदा उघडून बघतो आणि काढून टाकायचं म्हणत नाही. दाजींना मात्र अजून विश्वास नाही. परवा आले तेव्हा उघड्या डिकीलाही सवयीनं कंबर लावली.

आक्काचा मुलगा लग्नाचे फोटो बघून काही बोलला नाही. त्यानं साचे माळ्यावर टाकायलाही सांगितलं नाही आणि आईला मदतही केली नाही. मधल्या मधे आहे. आक्कानं आत्याबाईंना होकार कळवून टाकला, मला न विचारता. या वेळी तिला सबंध घाणा मांडायचाय, बैल जुंपलेला, फिरत्या वाटेसकट. परवा फोनवर तिनं पाटाचं माप सांगितलं. मी लिहून घेतलं. ते आधीच्या पाटापेक्षा बरंच मोठं आहे, आणि आधीचाच जेमतेम बसला होता.

डिकीच्या तोंडाची रुंदी मोजायची आहे. टेप पिशवीत टाकून ठेवली आहे, गाडी फाटकाशी उभी आहे, आणि मी अजून मोजलेलं नाही.